किनाऱ्यावर राहिलेल्यांचं गाव

जेनोवाहून निघालेली लोकल पूर्वेकडे जाऊ लागली की समुद्र आणि बोगदे यांचा लपंडाव सुरू होतो. बोगद्यातून बाहेर यावं, निळ्याशार पाण्याचा एक तुकडा दिसावा आणि तो नीट पाहीपर्यंत पुन्हा अंधार. कोकण रेल्वेनं जाणाऱ्या माणसाला बोगद्यांचं काही विशेष नाही, पण आमच्या गाडीतून समुद्र दिसत नाही. इथं तो रुळांच्या पायाशीच असतो. आई खिडकीशी बसली होती. प्रत्येक बोगदा संपला की ती पाण्याकडे बघायची आणि एखादं गलबत दिसलं की ते कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते मला सांगायची. वय एकाहत्तर, पण नजर अजून लांबची आहे.

धाकटी बहीण मिलानला नोकरी करते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो तेव्हा 'कुठे जाऊ या' असं विचारल्यावर आईनं एकच सांगितलं होतं, "दर्या असंल तिथं ने." म्हणून आम्ही कामोल्यीला आलो. ऑगस्टचा पहिला आठवडा होता.

कामोल्यी हे लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. पाठीशी पोर्तोफिनोचा डोंगर, समोर भूमध्य समुद्र, आणि मधे सपाट जमीन अशी जवळपास नाहीच. त्यामुळे घरं आडवी पसरण्याऐवजी उभी वाढली. सहा-सहा, सात-सात मजली, एकमेकांना खेटून उभी, गेरूच्या, हळदीच्या, विटकरी, फिकट गुलाबी रंगांची. खिडक्यांच्या झडपा मात्र बहुतेक हिरव्या. स्टेशन वर आहे. तिथून दगडी पायऱ्या उतरत गल्ल्यांमधून खाली आलं की एकदम समुद्र समोर उभा राहतो, आणि मागे वळून पाहिलं की या घरांची भिंतच्या भिंत. मी आजवर पाहिलेल्या किनाऱ्यांवर घरं समुद्राकडे पाठ करून, माडांच्या आडोशाला बसलेली असतात. आमच्या कोकणात तरी वाऱ्यापासून, खाऱ्या तुषारांपासून घराला जपायचं असतं. इथं प्रत्येक घर मान उंचावून समुद्राकडे बघत उभं आहे.

दुपारी आम्ही किनाऱ्यालगतच्या बाकावर बसलो होतो. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बोट केलं. "बाय, ती खिडकी खोटी हाय गो."

मी पाहिलं. अर्धी उघडी हिरवी झडप, खाली दगडी चौकट, चौकटीवर नक्षी, झडपेची सावलीसुद्धा भिंतीवर पडलेली. मला काही खोटं दिसेना. "वारा आहे," आई म्हणाली, "बाकीच्या हलतात. ती सकाळपासून हलली नाय."

ती खिडकी खरंच रंगवलेली होती. मग पाहावं तिथं तसंच दिसू लागलं. दगडाची म्हणून वाटलेली चौकट रंगाची, कंगोरे रंगाचे, खांब रंगाचे, कुठे कुठे अख्खी खिडकी रंगाची. भिंतीवर हुबेहूब वास्तू रंगवण्याची ही कला या किनाऱ्यावर शतकानुशतकं चालत आली आहे. घडीव दगडाला पैसा लागतो, तो डोंगरकपारीत वाहून आणायला आणखी लागतो. रंग स्वस्त. जिथं खरी खिडकी नको किंवा परवडत नाही, पण ओळीत तिची जागा मात्र आहे, तिथं रंगाऱ्यानं ती काढून दिली. मला हे फार आवडलं. घराचा चेहरा अपुरा राहू नये म्हणून केलेली ही खटपट आहे.

घरं इतकी रंगीत का, याची गावात एक गोष्ट सांगतात. दूरवरून येणाऱ्या खलाशाला आपलं घर समुद्रातूनच ओळखता यावं म्हणून प्रत्येकानं वेगळा रंग दिला. गावाच्या नावाचीही अशीच गोष्ट आहे. जेनोवाच्या बोलीत 'का' म्हणजे घर, आणि लग्नाच्या बायकांना इटालियनमध्ये 'मोल्यी' म्हणतात. पुरुष सगळे समुद्रावर, म्हणून हे बायकांच्या घरांचं गाव. भाषेचे जाणकार या नावाच्या दुसऱ्याही व्युत्पत्त्या देतात, एका जुन्या देवाचं नावही घेतात. पण गावाला हीच आवडते, आणि गावाच्या इतिहासात ती खोटी ठरत नाही.

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, भारावलीही नाही. "मग आमचं गावही त्याच नावाचं म्हणायचं," एवढंच म्हणाली.

आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. लहानपणी कोणी विचारलं, "वडील काय करतात?" तर उत्तर ठरलेलं होतं: "बोटीवर असतात." आमच्या वाडीत निम्म्या घरांचं उत्तर हेच होतं. 'असतात' हे क्रियापदही बरोबर होतं, कारण ते घरी नसायचे. बाबा मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन निवृत्त झाले. नऊ महिने, कधी वर्षभर बाहेर, मग दोन-तीन महिने घरी. कामोल्यीच्या गोष्टीतला खलाशी समुद्रातून आपल्या घराचा रंग ओळखत येतो. बाबा समुद्रातून घरी कधी आलेच नाहीत. ते मुंबईला उतरायचे आणि पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.नं यायचे, पहाटे, अंगाला डिझेलचा आणि विलायती साबणाचा वास घेऊन. टाळकेश्वरचं दीपगृह त्यांनी जहाजावरून लांबून जाताना पाहिलेलं होतं. "दिवा दिसायचा, पण उतरता यायचं नाही," हे ते एकदाच बोलले होते.

एकोणिसाव्या शतकात कामोल्यीला 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' म्हणत. धक्का पाहिला तर विश्वास बसत नाही. एवढ्याशा वाटीत होड्याच मावतील. पण जहाजं इथं उभी राहायची नाहीत. ती जेनोवाला भरायची आणि काळ्या समुद्रातलं धान्य, वेल्समधला कोळसा जगभर वाहायची. इथं राहायचे ते त्यांचे मालक, कप्तान, खलाशी आणि त्यांच्या घरच्या बायका. एकेका जहाजाची मालकी चोवीस हिश्श्यांत वाटलेली असायची. सोन्याचे कॅरट मोजतात तसे हे जहाजाचे कॅरट. कुणाकडे सहा, कुणाकडे दोन, कुणाकडे एकच. नात्यातले, शेजारचे मिळून एक जहाज बांधायचे, आणि ते सुखरूप परतलं की नफा त्याच हिश्श्यांनी घराघरांत जायचा. बुडालं तर तोटाही. तो एकट्यावर कोसळू नये म्हणून १८५३ साली गावानं आपली स्वतःची सागरी विमा संस्था काढली. एकाचं जहाज गेलं तर सगळ्यांनी मिळून भरून द्यायचं.

आईला हे समजावून सांगायला लागलं नाही. ती म्हणाली, "भिशीच की." मी म्हटलं, अगदी भिशी नव्हे. पण नंतर वाटलं, तिनं नेमकं तेच पकडलं होतं. बाबांच्या पगारातून दर महिन्याला घरी पैसे यायचे. त्यातले काही ती वाडीतल्या बायकांच्या भिशीत टाकायची. त्या सगळ्या बोटीवरच्यांच्या बायका. त्या भिशीतून आमची विहीर झाली. मग चिऱ्याचं घर झालं, एकेक खोली करत, आठ वर्षांत. बाबा रजेवर आले की त्यांना नवी भिंत दिसायची. चिरे मोजून घेणं, गवंड्याशी हुज्जत, पावसाआधी कौलं चढवणं, सगळं आईनं केलं. भाताची लावणीही तिचीच. घरावर पाटी मात्र बाबांच्या नावाची आहे, आणि ती तिनंच लावून घेतली.

'वाट पाहणारी बाई' म्हटलं की आपण तिला खिडकीत उभी करतो, नजर क्षितिजावर, हात गालाला. मीही अनेक वर्षं आईकडे तसंच बघत आले. कामोल्यीची ती उंच घरं पाहताना पहिल्यांदा मनात आलं, की हे सात मजले काही खिडकीत उभं राहून चढलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाच्या वरच्या अंगाला, बोस्केत्तोच्या मेरीच्या देवळात गेलो. १५१८ साली इथं एका मेंढपाळ मुलीला मेरीनं दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे. समुद्रावर संकटातून वाचलेले लोक इथं चित्रं वाहतात. देवळाला लागून असलेल्या ओवरीत ती ओळीनं लावलेली आहेत. बहुतेकांत एकच प्रसंग: काळं आभाळ, डोंगराएवढी लाट, तिच्यावर कलंडलेलं जहाज, फाटलेली शिडं, आणि वरच्या कोपऱ्यात ढगाच्या उजेडात मेरी, कडेवर बाळ. खाली जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, तारीख. कुठे चार लॅटिन अक्षरं. त्यांचा अर्थ, नवस बोलला, कृपा झाली. काही चित्रं कसबी हातांची आहेत, काहींत लाटा करवतीच्या दात्यांसारख्या. मला त्या करवतीच्या लाटांची जास्त भीती वाटली. आणि एक गोष्ट लक्षात आली, की जहाजाचे दोर, डोलकाठ्या, शिडांची संख्या कुठेही चुकलेली वाटत नाही. देवाला सांगायचं तर नीट सांगितलं पाहिजे.

आई एकेका चित्रापुढे थांबत होती. मी नावं वाचून दाखवत होते. सातव्या-आठव्या चित्राशी ती म्हणाली, "सगळी पुरुषांचीच नावं."

मी सांगितलं, की वादळात जहाजावरच नवस बोलत असत, म्हणून कप्तानाचं नाव.

"ते बोलले असतील. घरातलीनं बोललेला नसंल?"

१९८२ की ८३, मी चौथीत होते. बाबांचं जहाज बिस्केच्या उपसागरात अडकलं होतं आणि दोन आठवडे काही कळत नव्हतं. आईनं दुर्गादेवीला ओटी बोलली होती. बाबांना तिनं ते सांगितलं नाही. ते आल्यावर सहज देवळात नेल्यासारखं नेलं आणि ओटी भरली. बाबांना शेवटपर्यंत ते ठाऊक नव्हतं. मलाही त्या ओवरीत उभं असताना कळलं.

या गावची मला सगळ्यात लागलेली गोष्ट गावापासून हजारो मैलांवर घडली. १८९२ साली 'इतालिया' नावाच्या जहाजावरच्या कोळशाला दक्षिण अटलांटिकमध्ये आग लागली. कप्तानानं ते त्रिस्तान दा कुन्या या बेटावर नेऊन घातलं. जगातली सगळ्यात एकाकी वस्ती ज्या बेटावर आहे म्हणतात तेच हे. खलाशी वाचले. बाकीचे पुढे मिळेल त्या जहाजानं निघून गेले, पण दोघं तिथंच राहिले. आंद्रेआ रेपेत्तो आणि गाएतानो लावारेल्लो, दोघंही कामोल्यीचे. त्यांनी तिथल्या मुलींशी लग्नं केली. आज त्या बेटावर मोजकीच आडनावं आहेत आणि त्यांत ही दोन आहेत. इथं ही गोष्ट अभिमानानं सांगतात, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या आयशींना कुणी कळवलं?"

मी त्या प्रश्नाशी बराच वेळ अडून राहिले. वाचले ही बातमी आणि येणार नाहीत ही बातमी, दोन्ही एकाच पत्रातून येतात तेव्हा ते घरात कसं वाचत असतील.

डोंगराच्या पलीकडच्या कुशीत सान फ्रुत्तुओसो नावाचा जुना मठ आहे. तिथं रस्ता जात नाही. लाँचनं जा किंवा पायी डोंगर ओलांडा. बहुतेक लोक तिथल्या पाण्यातल्या ख्रिस्ताच्या पुतळ्यासाठी जातात. १९५४ साली सुमारे १७ मीटर खोलीवर उभा केलेला तो ब्राँझचा पुतळा, दोन्ही हात वर उचललेले. आम्ही गेलो ते मात्र मारिया आवेन्यो हिच्या थडग्यासाठी. २४ एप्रिल १८५५ रोजी क्रिमियाच्या युद्धावर सैनिक घेऊन निघालेलं 'क्रीसस' हे इंग्रजी जहाज या खाडीसमोर पेटलं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी होड्या काढल्या. मारिया आणि तिची बहीण कातेरीना याही आपली लहानशी होडी वल्हवत निघाल्या. बुडणाऱ्या सैनिकांनी होडीला गर्दी केली, होडी उलटली. कातेरीना वाचली, मारिया बुडाली. त्या मठात दोरिया या बड्या सरदार घराण्याच्या कबरी आहेत, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या दगडातल्या. त्यांच्या शेजारी या कोळणीला जागा दिली गेली. तिथला गारवा, खालून येणारा पाण्याचा आवाज आणि त्या पट्ट्यांमधली तिची जागा, एवढं पाहिलं तरी इथवर येण्याचं सार्थक झालं असं मला वाटलं. डोंगरापलीकडे पोर्तोफिनो आहे, धनिकांच्या नौकांनी भरलेलं. तिकडे जावंसंच वाटलं नाही.

परतताना लाँच पुंता क्याप्पा या खडकाळ टोकाला थांबली. तिथं समुद्रात जाळं लावलेलं होतं. तोन्नारेल्ला म्हणतात त्याला. खोल पाण्यात रोवल्यासारखं उभं केलेलं मोठं जाळं. वसंतात लावतात, सप्टेंबरच्या सुमारास काढतात, आणि दिवसातून काही वेळा होडीतली माणसं ते हातानं ओढून मासा काढतात. इटलीत अशी जाळी आता अगदी थोडी उरली आहेत. होडीच्या कडेला जाळ्याचा ओला भाग वर आलेला होता. आई लाँचच्या कठड्यावरून वाकली. "काथ्या हाय."

काथ्याच होता. ज्या किनाऱ्यावर एक माड नाही, तिथं दरवर्षी नारळाच्या काथ्याचं जाळं हातानं विणतात. काथ्या दूरदेशाहून येतो. नायलॉन का नाही, याला कारण आहे. काथ्याच्या खरबरीत सुंभावर शेवाळ धरतं. शेवाळाला बारीक मासा येतो, आणि त्याच्या मागं मोठा. हंगाम संपला की जाळं कापून तिथंच सोडून देतात. ते तळाशी जातं आणि कुजून समुद्राचंच होतं. आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायची, मग बडवून काथ्या काढायचा, मांडीवर पीळ देत सुंभ वळायचा. हे काम आईच्या आईनं आयुष्यभर केलं. त्या वासाच्या आठवणीनं आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं बोलली. आजीच्या तळव्यांना पडलेल्या भेगांबद्दल, त्यात भरायच्या मेणाबद्दल. होडीतला एक म्हातारा आमच्याकडे बघत होता. आईनं हातानं सुंभ वळण्याची खूण करून दाखवली, तळव्यावर तळवा घासून. त्यानं तीच खूण परत केली. टुनाच्या जातीतले, आपल्याकडच्या गेदरीसारखे मासे त्याच्या पायाशी चमकत होते.

रात्री जेवणात तळलेल्या लहान माशांची ताटली आली, मांदेलीसारखे, नुसतं मीठ आणि लिंबू. आईनं पिशवीतून घरच्या मसाल्याची पुडी काढली, चिमूटभर भुरभुरली आणि सगळी ताटली संपवली. गावात खलाशांची कडक बिस्किटंही अजून मिळतात. जहाजावर महिनोन्‌महिने टिकायची ती. आता पाण्यात-व्हिनेगरात भिजवून, वर मासा, ऑलिव्ह, टोमॅटो घालून खातात.

समुद्र या गावाला अजूनही सोडत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कड्यावरच्या स्मशानभूमीचा एक भाग ढासळून खाली पाण्यात गेला. सुमारे २०० शवपेट्या कोसळल्या. लाटांनी कडा खालून पोखरला होता. ज्यांनी जन्मभर समुद्र पार करून शेवटी कोरड्या जमिनीत विसावा घेतला, त्यांतले कितीतरी असतील त्यात. मी हे आईला सांगितलं नाही.

ऑगस्टचा पहिला रविवार हा इथं स्तेल्ला मारिसचा, समुद्रतारा मेरीचा दिवस. सकाळी सजवलेल्या होड्यांची मिरवणूक पुंता क्याप्पाच्या वेदीपर्यंत जाते. रात्री गावातले आणि बाहेरून आलेले हजारो लोक पाण्यावर दिवे सोडतात. कागदी कोंडाळ्यातली लहानशी मेणबत्ती, एवढंच ते. काळोख पडल्यावर किनाऱ्यावर इतकी माणसं होती की वाळूगोटे दिसत नव्हते, पण आवाज कमी होता. मागे घरांची भिंत उभी होती, आणि आता खऱ्या खिडक्या आपोआप वेगळ्या झाल्या होत्या. त्यांत दिवे होते. आईची ती चौथ्या मजल्यावरची खिडकी काळोखात नाहीशी झाली होती.

आम्हीही एक दिवा घेतला. आईनं साडी जराशी वर खोचली, चपला माझ्या हातात दिल्या आणि पाण्यात दोन पावलं गेली. तिनं दिवा पाण्यावर ठेवला, बोटांनी हलकेच ढकलला, हात जोडले. आणि लगेच वळली.

बाबा निघायचे तेव्हा ती अशीच करायची. एस.टी. सुटायच्या आधीच वळून चालू लागायची. जाणाऱ्याच्या पाठीकडे बघू नये, त्याचा पाय अडतो, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. मी मात्र धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी राहायचे आणि धावत तिला गाठायचे. तोवर ती घरी पोचून चुलीशी लागलेली असायची.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई गर्दीतून वाट काढत वर निघाली होती, पदरानं हात पुसत. मी तिच्या चपला हातात धरून पाण्याशीच उभी होते. आमचा दिवा शेजारच्या दोघांना लागला, गोल फिरला आणि बाहेरच्या ओढीला लागला. थोडा वेळ तो मला ओळखू येत होता.